टॅब-पालटाचे संक्रमण : एक औचित्यविचार

संगणकाच्या पडद्यावर एकाच खिडकीत अनेक पाने ठेवावयाची आणि वरच्या कडेवरील नावांच्या पट्टीतून त्यांपैकी एकच पान दृष्टीपुढे आणावयाचे, ही टॅबची योजना आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात विचार करण्याजोगे काही उरले असेल असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि डेस्कटॉपवरील ग्राफिकल इंटरफेसची रचना करणाऱ्यांपुढे एक प्रश्न वरचेवर उभा राहतो. टॅबवर क्लिक केल्यावर जुने पान जाऊन नवे पान यावयाचे ते एकदम यावे, की सरकत, विरघळत अथवा अन्य काही हालचाल करीत यावे? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न अभिरुचीचा म्हणून सोडून दिला जातो. एकास हालचाल सुबक वाटते, दुसऱ्यास ती नकोशी होते, आणि वाद तेथेच संपतो. परंतु पडद्यावरील हालचाल ही नुसती शोभा नव्हे. ही वस्तू कोठून आली, ती कोठे गेली, दोहोंचा परस्परसंबंध काय, हे ती पाहणाऱ्यास सांगत असते. म्हणजे प्रत्येक संक्रमण हे एक विधान असते. आणि विधान म्हटले की ते खरे की खोटे हा प्रश्न ओघानेच आला. टॅबच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

टॅबचे मूळ कागदी आहे. कार्डांच्या खणात किंवा फायलींच्या कपाटात प्रत्येक कार्डाला वर थोडासा कान काढलेला असतो. कार्डे एकामागे एक उभी असतात आणि कान तेवढे शेजारी शेजारी दिसतात. आयबीएमच्या ओएस/2 या प्रणालीच्या 1992 मधील आवृत्तीत जे ‘नोटबुक’ नावाचे साधन आले, त्यात तर कडेला वहीची शिवण आणि मागे पानांची चळत काढून दाखविली होती. 1995 साली आलेल्या विंडोज 95 ने शिवण काढून टाकली, परंतु मूळ कल्पना तीच ठेवली. निवडलेल्या टॅबची खालची रेघ पुसून तो कान खालच्या पानाशी एकजीव केला जातो. इतर कानांच्या खाली रेघ तशीच राहते. या एका पुसलेल्या रेघेत टॅबचे सारे व्याकरण आहे. हे पान वर आहे, बाकीची त्याच्या मागे आहेत, सर्वांची जागा एकच आहे, असे ती रेघ सांगते. सारांश, टॅबचे स्थिर चित्र स्वतःच अवकाशाविषयी एक विधान करून बसलेले आहे. हालचालीला नंतर जे काही बोलावयाचे असेल ते या विधानाशी सुसंगत असले पाहिजे.

या दृष्टीने जीटीके या साधनसंचाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे, कारण त्यात एकाच कामासाठी दोन निरनिराळ्या काळी दोन घटक निर्माण झाले आणि दोहोंची वृत्ती परस्परांहून भिन्न आहे. पहिला घटक ‘नोटबुक’. तो 1998 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे; त्याला कान आहेत, आणि पान पालटताना तो कसलीही हालचाल करीत नाही. दुसरा घटक ‘स्टॅक’. तो 3.10 या आवृत्तीत, 2013 साली, आला. त्याला स्वतःचे कान नाहीत. पान निवडण्याचे काम त्याने ‘स्टॅक-स्विचर’ नावाच्या, जोडून बसविलेल्या बटणांच्या पट्टीकडे सोपविले आहे. संक्रमणांची मात्र त्याच्यापाशी रेलचेल आहे : विलय, म्हणजे एक पान विरघळून दुसरे उमटणे, डावीउजवीकडे किंवा वरखाली सरकणे, आणि पुढील आवृत्त्यांत एका पानाने दुसऱ्यावर येऊन पडणे किंवा वरचे पान सरकून खालचे उघडे पडणे. संक्रमणाचा काळ, काही न सांगितल्यास, 200 मिलिसेकंद धरला जातो. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. काही न सांगितल्यास संक्रमणाचा प्रकार ‘कोणताही नाही’ असाच असतो. कर्त्यांनी सोय करून दिली, सक्ती केली नाही. सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे ज्यांना वाटले, त्यांच्या कृतींचा विचार येथे करावयाचा आहे.

इंटरफेसमधील हालचालीच्या बाजूने जे तात्त्विक विवेचन झाले आहे त्यात बे-वेई चँग आणि डेव्हिड उंगर यांचा 1993 चा निबंध अग्रगण्य होय. ‘सेल्फ’ या भाषेच्या परिसरासाठी काम करताना त्यांनी व्यंगपटांच्या कलेतून तीन तत्त्वे उचलली : घनता, अतिशयोक्ती आणि दृढीकरण. त्यांपैकी पहिले येथे महत्त्वाचे. पडद्यावरील वस्तू घन पदार्थांप्रमाणे वागल्या पाहिजेत. त्या एका जागेवरून नाहीशा होऊन दुसऱ्या जागी प्रकट होता कामा नयेत, त्यांनी मधला मार्ग आक्रमिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हे तत्त्व खोडून काढण्याचे कारण नाही. परंतु टॅब-पालटाच्या समर्थनार्थ त्याचा आधार घेतला जातो तेव्हा एक साधी गोष्ट नजरेआड होते. चँग आणि उंगर यांच्या परिसरात वस्तू खरोखरच स्थलांतर करीत होत्या. टॅब-पालटात स्थलांतर कोण करते? कोणीच नाही. मागचे पान पुढे येते, एवढेच घडते. ज्याने जागाच सोडली नाही त्याला प्रवास घडविणे ही घनता नव्हे, उलट घनतेचा भंग होय.

हा भंग डोळ्यांना प्रत्यक्ष दिसतो. कान असलेल्या टॅबमध्ये पान आडवे सरकू लागले की कान मात्र जागच्या जागी राहतो. जे दोघे एकजीव आहेत असे स्थिर चित्राने पुसलेल्या रेघेच्या साक्षीने सांगितले, त्यांपैकी एक निघून जातो आणि दुसरा तेथेच उभा राहतो. मेखला गळ्यात आणि हार कमरेला घातला तर सौंदर्याऐवजी हास्य पदरी पडते, असे क्षेमेंद्राने औचित्याविषयी बोलताना म्हटले आहे. अलंकार वाईट नसतात, त्यांची जागा चुकते. ‘स्टॅक-स्विचर’च्या बटणांना कान नसल्यामुळे तेथे हा विरोध तितका उघडा पडत नाही हे मान्य केले पाहिजे. बटणे पानाला चिकटलेली नसतात. ती पानाविषयी काहीच म्हणत नाहीत, म्हणून पानाला मोकळीक मिळते. परंतु बटणांच्या पट्टीलाही क्रम असतो, आणि तेथून दुसरी अडचण सुरू होते.

सरकते संक्रमण असे सांगते की पाने शेजारी शेजारी मांडलेली आहेत आणि खिडकी त्यांच्यावरून फिरत आहे. हे विधान खरे मानावयाचे तर पहिल्या पानावरून पाचव्यावर जाताना मधली तीन पाने दिसली पाहिजेत. जीटीकेच्या स्टॅकमध्ये ती दिसत नाहीत. जुने पान एका कडेने जाते आणि नवे लागलीच त्याच्या पाठोपाठ येते. जणू पहिल्याला पाचवेच खेटून होते. पुढच्या क्षणी पाचव्यावरून तिसऱ्यावर गेले तर तिसरे पाचव्याला खेटून असते. दिशा तेवढी क्रमाप्रमाणे राखली जाते, अंतर राखले जात नाही. अँड्रॉइडच्या ‘व्ह्यूपेजर’ने अंतर राखण्याचा मार्ग धरला, त्यात दूरच्या पानाकडे सरकत जाताना मधली पाने झरझर पुढून जातात, आणि न मागितलेल्या मजकुराचा एक झोत डोळ्यांवर येतो. 2010 च्या विंडोज फोन 7 मधील ‘पिव्हट’ने तिसराच भूगोल मांडला : तेथे शेवटच्या पानापुढे पुन्हा पहिले येत असे, म्हणजे पाने वर्तुळावर बसविलेली होती. एकाच कल्पनेचे हे तीन भूगोल परस्परविरोधी आहेत. फोनवर ते खपून जातात, कारण तेथे बोट पानाला प्रत्यक्ष ओढीत असते. हालचाल हाताची असते आणि पान तिला साथ देते. डेस्कटॉपवर माउसचा दर्शक कानावर स्थिर असतो, हात काही ओढीत नाही. बोटाच्या हालचालीतून जन्मलेले रूप बोट काढून घेऊन डेस्कटॉपवर आणले गेले, हे या संक्रमणाचे खरे वंशवृत्त आहे.

आता या हालचालीकडे थोड्या हिशेबी दृष्टीने पाहणे अवश्य आहे. कारण ‘200 मिलिसेकंदांची सहज सरक’ हे शब्द ऐकण्यास जितके मऊ वाटतात तितकी ती वस्तू मऊ नाही. सेकंदाला 60 चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर 200 मिलिसेकंदांत 12 चित्रे मावतात. स्टॅकची गती समान नसते. आरंभी वेगवान आणि शेवटी मंद अशा घनसूत्राने ती ठरते. पूर्ण काळाचा जितका अंश उरला असेल त्याचा घन एकातून वजा केला म्हणजे तोवर कापलेले अंतर मिळते. खिडकी 800 बिंदू रुंद धरली तर पहिल्याच चित्रात पान सुमारे 184 बिंदू उडी घेते, दुसऱ्यात सुमारे 153, तिसऱ्यात सुमारे 125. निम्मा काळ सरेपर्यंत आठांपैकी सात हिस्से अंतर संपलेले असते. शेवटच्या चार चित्रांत मिळून सुमारे 30 बिंदूच उरतात. मजकुराच्या ओळी, खुणेच्या चौकटी आणि रकाने यांनी भरलेले पान एका चित्रातून दुसऱ्यात 184 बिंदू उडते तेव्हा पूर्वीच्या चित्रातील कोणती ओळ नव्या चित्रात कोणती झाली हे डोळ्यास जुळविता येत नाही. तेथे गती दिसत नाही, धक्का दिसतो. आणि धक्क्यानंतर 30 बिंदूंचे एक लांबलेले स्थिरावणे दिसते. फोनच्या अरुंद पडद्यावर हेच सूत्र सुसह्य होते, कारण अंतरच थोडे असते. रुंदी वाढत गेली की तोच काळ अपुरा पडतो. आणि काळ वाढवावा तर काम अडते. ही कोंडी सूत्र बदलून सुटणारी नाही. अख्खे पान खिडकीच्या संपूर्ण रुंदीतून नेण्याच्या कल्पनेतच ती आहे.

शिवाय ज्या क्षणी हे सर्व घडते त्या क्षणी पाहणाऱ्याची दृष्टी कोठे असते? ती कानावर असते. क्लिक करण्यासाठी ती तेथे गेलेली असते. नजर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकण्याची तयारी होण्यासच सर्वसाधारणपणे 200 मिलिसेकंदांच्या आसपास काळ लागतो, आणि ती प्रत्यक्ष उडी घेत असताना दृष्टी जवळजवळ अंध असते. म्हणजे नजर पानावर येऊन पोहोचते तेव्हा प्रयोग आटोपलेला असतो. यावर सरकत्या संक्रमणाचा कैवार घेणारा असे म्हणू शकेल की डोळ्याच्या कडेला हालचालीची जाणीव तीव्र असते, आणि ‘काहीतरी डावीकडे गेले’ एवढे ज्ञान तेथूनही होते. हे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु मग त्या ज्ञानाचा उपयोग काय हे सांगितले पाहिजे. टॅबचा क्रम कानांच्या पट्टीवर लिहिलेलाच असतो आणि नजर त्याच पट्टीवर असते.

विलय-संक्रमणाची बाजू यापेक्षा बरी आहे, कारण ते अवकाशाविषयी काहीच खोटे बोलत नाही. ते मुळी अवकाशाविषयी बोलतच नाही. चित्रपटात विलय म्हणजे काळ लोटला असा संकेत रूढ झाला. टॅबमध्ये काळ लोटत नाही, पण तेवढ्यासाठी आक्षेप घेणे कोतेपणाचे होईल. खरा आक्षेप दुसरा आहे. एकदम होणारा पालट डोळ्याला एक ठोसा देतो, आणि त्या ठोशामुळेच काही बदलले हे कळते. रेन्सिंक, ओ’रेगन आणि क्लार्क यांनी 1997 साली दाखविले की दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर कोरा पडदा घातला तर मोठमोठे फरकही पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. पुढे सायमन्स, फ्रँकोनेरी आणि राइमर यांनी 2000 साली असा अनुभव मांडला की कोरा पडदा नसला तरी बदल पुरेसा हळूहळू केला तर तोही निसटतो. त्यांच्या प्रयोगातील बदल सेकंदांच्या मापाचा होता, 200 मिलिसेकंदांचा नव्हे. म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावणे योग्य नाही. दिशा मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन पाने जितकी सारखी — दोन छपाईयंत्रांच्या जुळणीची पाने घ्या, ज्यांत चौकटी त्याच, फरक फक्त दोन आकड्यांचा — तितका पालट ओळखू येण्याची गरज अधिक. आणि तितकाच विलय तो पालट बोथट करतो. शिवाय विलयाच्या मध्यावर दोन पानांचा मजकूर एकमेकांवर छापल्यासारखा दिसतो. मुद्रणालयात असा कागद रद्दीत जातो.

या सर्वांहून गंभीर असलेली एक बाब क्वचितच चर्चिली जाते. स्टॅकमध्ये पान निवडल्याबरोबर आतील स्थिती तत्क्षणीच पालटते. कळफलकाचा रोख नव्या पानाकडे जातो आणि संक्रमण त्यानंतर रंगते. जीटीकेच्या तिसऱ्या पिढीत जाणाऱ्या पानाचे एक चित्र टिपून ठेवले जाते आणि तेच पडद्यावर सरकविले किंवा विरघळविले जाते. म्हणजे त्या पावसेकंदाहूनही कमी अवधीत पडद्यावर जे दिसते ते पान नसते, पानाची प्रतिमा असते. आणि जे पान खरोखर ऐकत असते ते अजून पुरते दिसत नसते. सवयीचा मनुष्य टॅबवर क्लिक करून लागलीच टाइप करू लागतो. त्याची अक्षरे योग्य जागी पडतात खरी, परंतु ती पडताना त्याला दिसत नाहीत. कर्त्यांनी घेतलेला निर्णय बरोबरच आहे, कारण हालचाल संपेपर्यंत कळफलक अडवून धरणे याहून वाईट. तथापि दृश्य आणि वास्तव यांच्यात अशी फट पाडणे ही हालचालीची किंमत आहे, आणि ती प्रत्येक पालटामागे मोजावी लागते. कळफलकावरून कंट्रोल आणि पेजडाउन दाबून चारपाच पाने भरभर ओलांडणाऱ्यास तर अर्धवट राहिलेल्या संक्रमणांची एक माळच पाहावी लागते. दिवसातून शेकडो वेळा घडणाऱ्या क्रियेला नाट्य परवडत नाही.

याचा अर्थ टॅबच्या परिसरात कोठेही हालचाल नको असा मात्र नव्हे. विंडोज 95 च्या काळातील अनेक प्रोग्रॅममध्ये कान फार झाले की ते दोन किंवा अधिक ओळींत लावले जात, आणि मागच्या ओळीतील कानावर क्लिक केले की ती सबंध ओळ उडी मारून पुढे येई, पुढची मागे जाई. ज्यावर क्लिक केले तो कान दर्शकाखालून निघून जाई. तेथे वस्तू खरोखरच स्थलांतर करीत होत्या, चँग आणि उंगर यांचे तत्त्व तेथे अक्षरशः लागू पडत होते. आणि नेमकी तेथेच हालचाल दाखविली जात नव्हती. (बहुओळी टॅबचा खरा उपाय ते न करणे हाच होता, हे निराळे.) मॅक ओएस एक्सवरील अनेक प्रोग्रॅमांच्या पसंतीच्या खिडकीत पान पालटले की खिडकीची उंची नव्या पानाप्रमाणे कमीजास्त होते आणि ती उंची सरकत बदलते. येथे हालचाल योग्य आहे. खिडकीची कड खरोखरच एका जागेवरून दुसरीकडे जाते. ती एकदम उडाली तर खिडकी तीच आहे की दुसरी, असा संभ्रम पडतो. जीटीकेनेही 3.18 पासून स्टॅकचा आकार क्रमशः बदलण्याची सोय दिली आहे, आणि त्याच्या सर्व संक्रमणांत हीच सर्वांत कमी दिमाखाची आणि सर्वांत अधिक सार्थ आहे.

वेब-ब्राउझरांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. टॅबचा सर्वाधिक वापर त्यांच्यात होतो. 2008 साली आलेल्या क्रोममध्ये नवा टॅब उघडताना कान पट्टीत सरकत जागा घेतो, ओढून नेताना शेजारचे कान बाजूला होतात, बंद करताना उरलेले जवळ येतात. पाने मात्र तत्काळ पालटतात. जे हलते ते हलताना दाखविले आहे, जे हलत नाही ते हलविलेले नाही. एक बारकावा तर विशेष दाद देण्याजोगा आहे. एकामागून एक टॅब बंद करताना, दर्शक पट्टीवर आहे तोवर कानांची रुंदी वाढविली जात नाही, जेणेकरून पुढच्या टॅबची फुली आपोआप दर्शकाखाली येते. दर्शक दूर गेल्यावरच कान पसरतात. हालचाल केव्हा करू नये हे ज्याला कळले त्याला हालचाल कळली.

हालचालीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून बेडरसन आणि बोल्टमन यांच्या 1999 च्या प्रयोगाकडे बोट दाखविले जाते. पडद्यावर मांडलेल्या एका कुटुंबवृक्षातून फिरताना दृष्टिकोनाचा बदल सरकत दाखविला, तर पाहणाऱ्यांना नंतर त्या वृक्षाची मांडणी अधिक चांगली आठवते, आणि कामाला अधिक वेळही लागत नाही, असे त्यांना आढळले. हा पुरावा खरा आहे; तो टॅबच्या बाजूने आहे असे मानणे मात्र चूक आहे. कुटुंबवृक्षाला मांडणी होती, बाप वर आणि मुले खाली होती, व हालचाल त्या मांडणीतूनच होत होती. ट्वर्स्की, मॉरिसन आणि बेट्रान्कूर यांनी 2002 साली चलच्चित्रांच्या उपयुक्ततेचा आढावा घेताना दोन कसोट्या सांगितल्या : हालचालीचे रूप सांगावयाच्या गोष्टीच्या रूपाशी जुळले पाहिजे, आणि ती पाहणाऱ्यास ग्रहण करता आली पाहिजे. टॅबवरील सरक पहिल्या कसोटीला उतरत नाही, कारण ती नसलेले शेजारपण सांगते. दुसरीलाही उतरत नाही, कारण 12 चित्रांत ते सांगून होते. मराठी रंगभूमीवर ‘तो मी नव्हेच’ या 1962 च्या नाटकात फिरता रंगमंच आला तेव्हा त्याचे कौतुक झाले ते यंत्राच्या नवलाईमुळे तर खरेच. पण न्यायालयातून एकेका घटनास्थळी जाऊन पुन्हा परतणाऱ्या त्या कथानकाला फिरण्याची गरजच होती, म्हणून ते टिकले.

ज्यांना पडद्यावरील मोठी हालचाल पाहून घेरी येते किंवा मळमळते त्यांचा प्रश्न अभिरुचीचा नव्हेच. 2013 साली आयओएस 7 मधील हालचालींविषयी अशा तक्रारी झाल्या. 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या सुगम्यता-मार्गदर्शिकेत, क्रियेतून उद्भवणारी अनावश्यक हालचाल बंद करता आली पाहिजे, असा निकष सर्वोच्च श्रेणीत घातला गेला. जीटीकेमध्येही सर्व हालचाली एकदम थांबविण्याची सोय आहे. परंतु जी गोष्ट बंद केल्याने कोणाचेही ज्ञान उणावत नाही ती मुळात कशासाठी चालू होती, हा प्रश्न त्या सोयीने सुटत नाही. औचित्याची परीक्षा येथे सहज घेता येते : हालचाल बंद करावी आणि पाहणाऱ्यास काय कळेनासे झाले ते पाहावे. खिडकीच्या उंचीची हालचाल बंद केली तर काही हरवते. पानाची बंद केली तर काही हरवत नाही.

एक अपवाद शिल्लक राहतो आणि तो प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. पानांचा क्रम हाच जेथे अर्थ असतो — महिन्यामागून महिना दाखविणारी दिनदर्शिका, किंवा एकेक पायरी पुरी करीत जावयाचा अर्ज — तेथे पुढे आणि मागे या दिशा खऱ्या असतात, पालट एका वेळी एकाच पानाचा असतो, आणि सरकणे त्या दिशा सांगते. परंतु ती रचना टॅबची नव्हे. तेथे कोणत्याही पानावर थेट उडी मारण्यासाठी कान ठेवलेले नसतात. जीटीकेवर उभारलेल्या आणि 2021 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या लिबअद्वैता या संचाने हा भेद ओळखलेला दिसतो. त्यात प्रोग्रॅमच्या मुख्य दृश्यांसाठी जो ‘व्ह्यूस्टॅक’ आहे त्याला पान सरकविण्याची सोयच दिलेली नाही. नंतर जी पुरविली गेली ती केवळ विलयाची. बोटाने ओढत एकेक पान पुढे नेण्यासाठी ‘कॅरोसेल’ हा वेगळा घटक त्याच संचात आहे, आणि त्यात पाने खरोखरच शेजारी शेजारी मांडलेली असतात.